तळ्यात मत्स्यबीज किती सोडावे?



ज्वारीची पेरणी दाट झाली तर आपण विरळणी करतो. कणसे भरायची तर ताटांना जागा हवी, हे कोणी सांगावे लागत नाही. पण शेततळ्यात माशांचे बीज सोडताना आपणच म्हणतो, "सोडा की चार पिशव्या जास्त, मरतील त्यातली थोडी!" इथेच पैसा पाण्यात जातो.

दाटी झाली की काय होते?

तळ्यातले नैसर्गिक खाद्य ठरावीक असते. एक हजार मासे पोसणाऱ्या तळ्यात तीन हजार सोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. वर्षभरात किलोभर होणारा कटला पावशेरावरच अडतो आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. शिवाय रात्री पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले की समजावे, दाटी झाली. अशा वेळी ताजे पाणी सोडा आणि खत-खाद्य थांबवा. नाही तर एका पहाटेत तळे रिकामे होते.

नदीचेही तेच

मुळा-मुठेतल्या महाशीर माशाची शास्त्रीय नोंद साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये केली. पुढे हा मासा कमी झाला, म्हणून लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून सोडली जाऊ लागली. थंड देशांत सॅमन माशाचीही पिल्ले नदीत सोडतात. हे पिल्लू दगडाआडची एक जागा धरून राहते. जागेपेक्षा पिल्ले जास्त झाली की दुबळी हाकलली जातात. ती उपाशी मरतात किंवा दुसऱ्याचे भक्ष्य होतात. म्हणून तिथे पिल्ले एका जागी न ओतता विखरून सोडतात.

आपला हिशेब

हेक्टरी 5,000 बोटुकली, म्हणजे गुंठ्याला 50. पेंड आणि भाताचा कोंडा रोज घालणार असाल तर गुंठ्याला 100 पर्यंत चालतील. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात नैसर्गिक खाद्य फार कमी, तिथे खाद्य घालावेच लागते. गुंठे मोजताना पावसाळ्यातले भरलेले तळे धरू नका, उन्हाळ्यात उरणारे पाणी धरा.

20 गुंठ्यांच्या तळ्यात 1,000 बोटुकली अशी सोडा: कटला 400, रोहू 300, मृगळ 300. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यामुळे एकमेकांचा घास कोणी हिसकावत नाही.

हे लक्षात ठेवा

1. बीज तीन-चार इंच लांबीचे घ्या. मत्स्यजिरे स्वस्त पडते, पण थेट तळ्यात फारसे वाचत नाही.
2. आधी मरळसारखे मांसाहारी मासे काढा.
3. सकाळी किंवा संध्याकाळी सोडा. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्या.

सोडले किती यापेक्षा हाती लागले किती, हे मोजा.