शुद्ध म्हणजे काय?

पाणी न घातलेल्या दुधाला आपण शुद्ध म्हणतो. रसायनशास्त्राच्या लेखी मात्र ते मिश्रणच. कारण त्यातील पाणी, स्निग्धांश आणि शर्करा यांचे प्रमाण गाईगणिक बदलते. शुद्ध पदार्थ कोठूनही आणा, त्याचे गुणधर्म तेच राहतात.

ही कसोटी किती सूक्ष्म आहे पाहा. हवेतील प्राणवायू, बाष्प आदी काढून घेतल्यावर निव्वळ नत्रवायू उरतो, असा पूर्वी समज होता. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी त्याचे वजन केले. ते लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरले. संयुगांपासून मिळवलेल्या नत्रवायूचे मात्र, त्याच तपमानाला व दाबाला, १.२५१. अंतर जेमतेम अर्ध्या टक्क्याचे! पण एकाच शुद्ध वायूची दोन वजने कशी असतील? अर्थात हवेतून मिळवलेला तो नत्रवायू मिश्रण असला पाहिजे. विल्यम रॅम्झे यांच्यासह शोध घेता १८९४ साली त्यात एक अधिक जड, सहसा कशाशीही संयोग न पावणारा वायू सापडला. ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला आर्गॉन हे नाव मिळाले. हवेत तो शेकडा एकाच्या आसपास आहे. प्रत्येक श्वासाबरोबर तो आपल्या छातीत येत-जात होता. त्याचा पत्ता लागला तो तराजूमुळे.