दोन रांगा जिथे मिळतात

माझ्या जुन्या डायरीत एक चिठ्ठी आहे. २००४ साली फ्लोरिडात दादाकडे गेले होते, तेव्हा डिस्ने वर्ल्डमधल्या स्पेस माउंटन या राईडच्या दाराशी एका यंत्रातून ती निघाली. प्रवेशाचं तिकीट यंत्रात सरकवायचं, की परत यायची वेळ छापलेली चिठ्ठी हातात. त्या तासाभरात या, छोट्या रांगेतून आत जा. तोवर खा, फिरा, सावलीत बसा. वेगळे पैसे नाहीत. १९९९ साली सुरू झालेला हा फास्टपास मला इतका आवडला, की तेव्हापासून रांग हा माझा लाडका विषय झाला.

मागचा इतिहास थोडक्यात सांगते. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा प्रत्येक राईडचं वेगळं तिकीट असे. १९५९मध्ये सगळ्यात भारी राईडसाठी ‘ई’ तिकीट आलं. १९८२मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकदा फाटकातून आत शिरलं की सगळे सारखे झाले.

आता माझ्या आवडीची जागा. राईडच्या जरा अलीकडे दोन रांगा एकत्र येतात. एक साधी, दुसरी जादा पैसे भरून पास घेतलेल्यांची. तिथे एक कर्मचारी उभा असतो आणि कोणाला किती सोडायचं हे त्याच्या हातात असतं. काही वर्षांपूर्वी एका पार्कात मी साध्या रांगेत दीड तास उभी होते. शेवटचा अर्धा तास माणसं सोडणाऱ्या मुलाच्या हाताकडेच बघत होते. तिकडची सात-आठ माणसं गेली, की आमच्यातले दोघे. पुन्हा तिकडचा एक घोळका, पुन्हा आमचे दोघे. दादाची नात माझा पदर ओढून म्हणाली, “आत्याआजी, आपण तर आधी आलो होतो ना?”

तिचं उत्तर गणितात आहे. समजा, राईडवर तासाला १२०० माणसं बसतात आणि तुमच्या पुढे ६०० जण आहेत. नुसती एकच रांग असेल तर अर्ध्या तासात नंबर लागतो. पण १२००पैकी ९०० जागा पैसेवाल्यांना गेल्या, की तुमच्या रांगेला उरतात ३००, आणि अर्ध्या तासाचे दोन तास होतात. पास नसता तर ती माणसंही रांगेतच असती, हे खरं. पण तुमच्यानंतर आलेली तुमच्या मागे उभी असती. पासामुळे राईडला एकही खुर्ची वाढत नाही. विकला जातो तो साध्या रांगेतल्यांचा वेळ.

फुकटचा फास्टपासही खुर्च्या वाढवत नव्हता, पण तो सगळ्यांना सारखा होता. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये डिस्ने वर्ल्डने त्याच्या जागी माणशी, दिवसाला १५ डॉलरची सेवा आणली. २०२४मध्ये तिथेच आलेल्या प्रीमियर पासची किंमत, एका पार्कच्या एका दिवसासाठी, १२९ ते ४४९ डॉलर ठरली. प्रवेशाचं तिकीट वेगळंच. जितकी गर्दी जास्त, तितका भाव जास्त.

आपल्याला हे नवं नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात एक्स्प्रेस तिकीट असतं, वंडरलात फास्टट्रॅक असतं आणि तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन असतं. म्हातारी माणसं, अपंग, तान्ही बाळं यांना पुढे सोडावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसे भरून पुढे जाणाऱ्या कुटुंबालाही मी दोष देत नाही. एकच दिवस हातात असतो, पोरं दमलेली असतात.

माझं मागणं पार्कवाल्यांकडे आहे. दर तासाला निम्म्याहून जास्त जागा विकू नका आणि किती विकल्या ते रांगेच्या तोंडाशी फळ्यावर लिहा. वाचकांनो, तुम्ही फाटक उघडायच्या आधी पोहोचा आणि सगळ्यात गाजलेली राईड पहिल्या तासात उरकून घ्या. त्या तासात साधी रांगही भराभर सरकते.