एसपी रोडला जाण्याआधी हे वाचा
काल भाच्याला घेऊन बेंगळुरूच्या एसपी रोडवर गेमिंग पीसीचे भाग बघायला गेलो होतो. पठ्ठ्या रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपाशीच अडकला!

पीसी जुळवताना बजेट कमी असेल तर माझा खरेदीचा क्रम असा:

आधी ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात जास्त पैसे इथेच घाला. १०८०पी गेमिंगला ८ जीबीचं कार्ड बघा.

मग प्रोसेसर. इंटेलच्या मॉडेलमागे 'एफ' असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड नंतर घेणार असाल तर स्वतःचं ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी बरा.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. ड्युअल चॅनलमुळे वेग वाढतो.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको. माझा स्वस्तातला जळाला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला!

तुमचं बजेट किती? कमेंटमध्ये सांगा, जुळणी सुचवतो.