सायला मेला, जिवाणू उरला

वाशिम जिल्ह्यात मंगरुळपीर, कारंजा भागातल्या बागांत संत्र्याचे झाड पिवळे पडून शेंड्याकडून वाळू लागले की दोष पाण्याला, डिंक्याला किंवा जस्ताच्या कमतरतेला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. पण पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा सारखा नसेल, तर ग्रीनिंग या रोगाचा संशय घेऊन पीसीआर चाचणी करावी. शेपूट वर करून बसणारा, तीन-चार मिलिमीटरचा सिट्रस सायला हा रोग पसरवतो, हे भारतात कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये मांडले. त्या काळी रोगकारक विषाणू मानला जाई; पुढे तो अन्नवाहिनीत राहणारा जिवाणू निघाला. सायलाकडे मात्र आपण अजूनही नुसता हमाल म्हणून पाहतो, आणि फवारणीची वेळ तिथेच चुकते.

हा जिवाणू सायलाच्या आतड्यातून रक्तद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत जातो, वाटेत वाढतो. पिल्लूपणी शिरला तर तो जोमाने वाढतो. प्रौढपणी शिरला तर फारसा नाही. शिवाय या जिवाणूच्या जनुकसंचात एक विषाणू दडलेला असतो, जो जागा झाला तर जिवाणूलाच फोडू शकतो. सायलाच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा दुसरा जिवाणू असतो. त्याचे एक प्रथिन या विषाणूची जनुके दाबून ठेवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. झाडात गेल्यावर मात्र अशाच दडलेल्या विषाणूचे एक जनुक जिवाणूच्या कामी येते: त्यातून बनणारे विकर झाडाने बचावासाठी सोडलेले हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करते. भाडेकरूच्या पोटात भाडेकरू, असा हा मामला.

रेणूंचे हे पुराण बागाईतदाराच्या काय कामाचे? उत्तर नवतीत आहे. सायला अंडी फक्त कोवळ्या फुटीवर घालतो आणि पिल्ले तिथेच वाढतात; जिवाणू जोमाने वाढतो तोही पिल्लूपणी शिरला तरच. म्हणून आंबिया, मृग आणि हस्त बहाराची नवती फुटताच उपाय हवा. उडते सायला दिसेपर्यंत थांबले, तर जिवाणू घेऊन मोठे झालेले किडे एव्हाना दुसऱ्या झाडावर असतात. रोग कलमांतूनही येतो, मग किड्यामागे का लागायचे, हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. रोपवाटिकेतले मातृवृक्ष तपासलेलेच हवेत. पण तपासलेले कलमही उघड्या बागेत सायलाच्या तावडीत सापडते. आणि पिवळी झाडे अजून थोडी फळे देतात म्हणून राखावीत, हा हिशेब तर फसवा आहे: रोगट झाड मिथाइल सॅलिसिलेटच्या वासाने सायलाला ओढते, पण त्याचा रस निकस असल्याने तो तिथे टिकत नाही, शेजारच्या निरोगी झाडावर जातो.