काचेच्या वाद्यावरचा भुताटकीचा आळ

हे वाद्य वाजवणाऱ्याला वेड लागतं, त्याच्या सुरांनी मेलेल्यांचे आत्मे जागे होतात, अशी भीती अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पसरली होती. वाद्याचं नाव ग्लास आर्मोनिका. ते घडवलं मात्र विजेचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने, १७६१ साली.

पाणी भरलेल्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवून केलेलं वादन त्याने इंग्लंडमध्ये ऐकलं होतं. त्याने पाणीच काढून टाकलं. लहान होत जाणाऱ्या ३७ काचेच्या वाट्या एकीत एक बसवून आडव्या लोखंडी दांड्यावर ओवल्या. पायाने पावटी दाबली की दांडा फिरतो, आणि ओली बोटं कडेला टेकवली की स्वर उमटतो. बोट क्षणभर चिकटतं, लगेच सुटतं, आणि या अखंड धरसोडीने काच थरथरते. बोटाला जरा तेलकटपणा असला तर ती मुकीच राहते. आपल्या जलतरंगात काठीचा आघात स्पष्ट कळतो. इथे आघातच नाही. स्वर कधी सुरू झाला, ते कळत नाही.

माझ्या मते भुताची गोष्ट इथूनच सुरू होते. आवाज कुठून आला हे दोन्ही कानांना मिळणाऱ्या किंचित वेगळ्या खुणांवरून ठरतं. साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात या खुणा पुसट होतात, आणि आर्मोनिकाच्या नादातला बराच भाग त्याच पट्ट्यात पडतो. समोर वाद्य दिसत असूनही सूर खोलीभर तरंगत असल्यासारखा वाटतो.

मेस्मर नावाचा वैद्य आपल्या संमोहन-उपचारांत हेच वाद्य वापरायचा. १७८४ साली त्याच्या पंथाची चौकशी करायला फ्रान्सच्या राजाने समिती नेमली, तिच्यात फ्रँकलिनही होता. गुण येतो तो कल्पनेच्या जोरावर, असा तिचा निष्कर्ष होता.

तरी आळ फिटला नाही. मारियान किर्शगेस्नर या अंध वादिकेसाठी मोझार्टने आपल्या अखेरच्या वर्षी, १७९१ साली, खास रचना केली. १८०८ मध्ये ती वारली, तेव्हाही बोल वाद्यालाच लागला. काचेतल्या शिशाने विषबाधा होत असे, हेही सांगितलं जातं. पण त्याला पुरावा नाही. फ्रँकलिन स्वतः ८४ वर्षं जगला. हे वाद्य मागे पडलं, त्याचं खरं कारण मला साधं वाटतं: मोठ्या सभागृहांत, वाढत्या वाद्यवृंदांपुढे त्याचा नाजूक आवाज पुरेना.

इटालियन संगीतकार डोनिझेत्तीने १८३५ च्या 'लुचिया दी लामेरमूर' या ऑपेरात वेड्या झालेल्या नायिकेसाठी हाच सूर योजला होता, पण प्रयोगात त्याजागी बासरी आली. १९८०च्या दशकात अमेरिकेत गेरहार्ड फिंकेनबायनर यांनी क्वार्ट्झच्या वाट्या घडवून वाद्य पुन्हा उभं केलं. आता तो प्रवेश काही ठिकाणी मूळ वाद्यासह होतो. बासरीचा आणि काचेचा, दोन्ही प्रयोग लागोपाठ ऐका. डोनिझेत्तीची पहिली निवडच अचूक होती.