उतरलेली बॅटरी : शुश्रूषा आणि पथ्य

दसऱ्याच्या दिवशीं आपण घरच्या मोटारीला झेंडूचा हार घालतों, हळदकुंकू वाहतों, चाकांखालीं लिंबें ठेवतों. परंतु जिच्यावांचून ती मोटार सुरू व्हावयाची नाहीं, ती बॅटरी नेमकी कोठें आहे, हें घरांतील दहा माणसांपैकीं एखाद्यासच ठाऊक असतें. हें आम्ही इतरांस दूषण देण्याकरितां लिहीत नाहीं. २०२० सालापर्यंत आमच्या पुण्याच्या घरची स्थिति याहून निराळी नव्हती.

त्या वर्षीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि आमच्या एकत्र कुटुंबांतील दोन्ही मोटारी अंगणांत उभ्या राहिल्या. रोज सकाळीं त्यांवरची धूळ झटकली जाई, आणि तेवढ्यानें गाड्यांची निगा राखली, असें आम्ही समजत असूं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत एका रात्रीं दोनच्या सुमारास आमच्या काकूंना श्वास घेणें कठीण होऊं लागलें. आम्हीं किल्ली फिरविली. गाडी मुकीच राहिली, दिवासुद्धां लागला नाहीं. धाकट्या बंधूंच्या गाडीनें नुसतें टक्‌टक्‌ केलें. शेवटीं शेजारच्या गृहस्थांनीं आपली गाडी काढली व काकू वेळेवर रुग्णालयांत पोहोंचल्या. त्या बऱ्या होऊन घरीं आल्या, म्हणूनच हा लेख आम्ही शांत चित्तानें लिहूं शकतों. पण “दारांत दोन मोटारी, आणि वेळेला एकहि नाहीं!” हे त्यांचे उद्गार आम्हांस अजून विसरतां आलेले नाहींत.

पुढें दोन्ही बॅटऱ्यांवर आम्हीं एकच उपचार केला. बंधूंची बॅटरी पुन्हां कामास लागली. आमची कायमची गेली. हा भेद कां पडला, तें समजलें म्हणजे या विषयाचें मर्म हातीं येतें.

मोटारीची ही बॅटरी शिसें व गंधकाम्ल यांची असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं ही जात प्रथम तयार केली. पुढें चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला, आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याचा त्रास हळूहळू संपला. बॅटरीच्या पेटींत सहा घरें असतात व दर घराचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून १२ व्होल्टची म्हणविली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली असतां विश्रांतीच्या वेळीं सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दिसल्यास ती अर्धीच उरली व १२ च्या खालीं गेल्यास जवळजवळ उतरली असें समजावें.

बॅटरी वीज देते तेव्हां आंतील पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें आणि अम्ल पातळ होत जातें. चार्ज करतांना हीच क्रिया उलट होते. हें सल्फेट ताजें असतां बारीक कणांचें असतें व सहज मोडतें. पण बॅटरी रिकामी तशीच पडून राहिली, तर पाकाचें भांडें विसरून गेल्यावर त्यांत साखरेचे खडे धरावे, तसे त्या कणांचे टणक स्फटिक बनतात. मग ते कितीहि वीज दिली तरी पुरते मोडत नाहींत.

आतां, उभ्या गाडीची बॅटरी रिकामी कां व्हावी? गाडी बंद असली तरी तिच्यांतील घड्याळ, चोरघंटा व संगणकयंत्रें थोडथोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह ३० मिलिअँपियर धरला, तर दिवसास सुमारें पाऊण अँपियर-तास खर्च होतो; म्हणजे लहान मोटारीची ३५ अँपियर-तासांची भरलेली बॅटरी दीड महिन्यांत रिती होते, आणि इंजिन फिरविण्याची ताकद तर त्याच्या पुष्कळच आधीं जाते. शिवाय उन्हाळ्यांत बॅटरी आपोआपहि अधिक झपाट्यानें उतरते. आमच्या गाडींत पुढच्या कांचेजवळ बसविलेला एक लहानसा कॅमेरा होता. तो अहोरात्र वीज पीत होता. त्यामुळें आमची बॅटरी एप्रिलमध्येंच रिकामी होऊन पुढें आठवडेच्या आठवडे तशी पडली असली पाहिजे. बंधूंची गाडी मेच्या मध्यास औषधें आणण्याकरितां बरीच लांब फिरून आली होती. सारांश, गाडी किती दिवस उभी होती यापेक्षां बॅटरी किती दिवस रिकामी होती, यावरच तिचें जीवित अवलंबून असतें.

आतां उपचाराकडे वळूं. प्रथम पेटी नीट न्याहाळावी. ती फुगली, तडकली वा पाझरत असेल, किंवा सडक्या अंड्यासारखी दुर्गंधि येत असेल, तर तिला हात न लावतां जाणत्या कारागिरास बोलवावें. पेटी निर्दोष असल्यास डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे घालून पान्यानें आधीं ऋण टोंकाची तार सोडवावी, मग धन टोंकाची. परत जोडतांना क्रम उलट ठेवावा. टोंकांवर साचलेली पांढरट-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें पुसावी. मात्र तें पाणी पेटींत जाऊं देऊं नये. घरांना झांकणें असल्यास पट्ट्या बुडालेल्या आहेत कीं नाहींत, तें पाहावें. त्या उघड्या पडल्या असतील तर बुडण्यापुरतें डिस्टिल्ड वॉटर घालावें, व बाकीची भर चार्ज झाल्यावर करावी. नळाचें पाणी किंवा नवें अम्ल कदापि घालूं नये.

चार्जिंग सावकाश व्हावें. बॅटरीच्या अँपियर-तासांच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह, म्हणजे ३५ च्या बॅटरीस साडेतीन अँपियर, हें चांगलें प्रमाण आहे. याला बारा तास किंवा अधिकहि लागतात. पेटी हातास फार ऊन लागूं लागली तर चार्जर बंद करावा. पार उतरलेली बॅटरी कांहीं नवे चार्जर ओळखीतच नाहींत. अशा वेळीं घरगुती युक्त्या न लढवितां ती बॅटरीवाल्याकडे न्यावी.

चार्ज होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शेंकडा ४ इतका मिसळला तरी ठिणगीनें पेट घेऊं शकतो. यास्तव हें काम मोकळ्या हवेंत करावें. जवळ उदबत्ती, काडी वा सिगारेट असूं नये. आणि चिमटे लावतांना व काढतांना चार्जर बंद असावा. आमच्या पुतण्यानें घाईनें चालू चार्जरचा चिमटा ओढला आणि ठिणगी उडाली. इजा झाली नाहीं, हें केवळ दैव!

चार्ज झालेली बॅटरी रात्रभर तशीच ठेवून सकाळीं मोजावी. बंधूंची बॅटरी १२.६ वर स्थिर होती. आमची १२ च्याहि खालीं घसरली. इंजिन फिरवितांना दाब साडेनऊ व्होल्टांच्या खालीं जात असेल, तरीहि त्या बॅटरीची आशा सोडावी.

तातडीच्या वेळीं दुसऱ्या, तितक्याच व्होल्टांच्या गाडीवरून वीज उसनी घेतां येते. लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या धन टोंकास व मग चांगल्या बॅटरीच्या धन टोंकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोंकास, व तिचें दुसरें टोंक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावें. इंजिन सुरू झाल्यावर तारा उलट क्रमानें काढाव्या. गाडी निदान अर्धा तास चालवावी, आणि घरीं येऊन बॅटरी चार्जरला लावावी. कारण पार उतरलेली बॅटरी भरून काढणें हें आल्टरनेटरचें काम नव्हे. विजेवर चालणाऱ्या वा हायब्रिड मोटारींस हे नियम जसेच्या तसे लावूं नयेत. त्यांची पुस्तिका पाहावी.

मेलेली बॅटरी माळ्यावर ठेवूं नये कीं कोणा फेरीवाल्यास देऊं नये. शिसें विषारी आहे. २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवी घेतांना जुनी दुकानदाराकडे परत करावी.

परंतु तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां पथ्य बरें. गाडी महिनाभर उभी राहावयाची असेल तर भरलेल्या बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी, किंवा आपोआप थांबणारा लहान चार्जर लावावा. पांच मिनिटें इंजिन नुसतें घुरघुरविण्यानें फारसें साधत नाहीं. आमच्या घरीं आतां दर रविवारीं सकाळीं एक गाडी खडकवासल्यापर्यंत जाऊन येते, व पुढच्या आसनावर काकू बसलेल्या असतात. “गाडीला मी फिरवून आणतें, कीं मला गाडी?” असें त्या विचारतात. आम्ही उत्तर देतों, “दोघींनाहि एकच पथ्य सांगितलें आहे.”