जाचहाटाची फिर्याद : समजुती आणि वस्तुस्थिती

हुंडाप्रतिबंधक अधिनियम १ जुलै १९६१ रोजी अमलात आला, १९८३ च्या अखेरीस भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ घालण्यात आले, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला, आणि १ जुलै २०२४ पासून तेच ४९८-अ भारतीय न्याय संहितेत ८५ व ८६ या क्रमांकांनी कायम राहिले. इतकी सामग्री हाती असूनही सासरी गांजलेली स्त्री ठाण्याची पायरी चढते ती बहुधा फार उशिरा, आणि या उशिराची कारणे शोधू जाता धाकाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, वाटा चुकीच्या समजुतींचा आढळतो. २०२२ साली देशात स्त्रियांविरुद्ध नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक गुन्हे पती वा त्याचे नातलग यांनी केलेल्या क्रूरतेचे होते. तेव्हा ज्या समजुती पीडितेला गप्प बसवतात त्यांची झडती घेणे मला अगत्याचे वाटते.

लग्नाच्या बैठकीत ठरलेली आणि मांडवात मोजून घेतलेली रक्कम म्हणजे हुंडा, अशी एक रूढ कल्पना आहे; त्यामुळे ‘आम्ही फक्त मुलगी आणि नारळ घेतला’ असे अभिमानाने सांगणारे घर वर्षभराने सुनेला ‘गाडी घ्यायला माहेरून दोन लाख घेऊन ये’ म्हणते, तेव्हा ती मागणी हुंड्याची आहे हे मागणाऱ्यालाच काय, पण जिच्याकडे मागितले तिलाही उमगत नाही. कायद्याच्या व्याख्येत विवाहापूर्वी, विवाहसमयी अथवा विवाहानंतर केव्हाही, विवाहसंबंधाच्या निमित्ताने दिलेली किंवा देण्याचे कबूल केलेली मालमत्ता येते; घर बांधण्यासाठी सुनेच्या माहेराकडे केलेली पैशांची मागणीही हुंडाच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. शिवाय क्रूरतेच्या कलमाला हुंडा हा शब्दही आवश्यक नाही. मालमत्तेची कोणतीही बेकायदा मागणी पुरी करून घेण्यासाठी केलेला छळ त्याला पुरतो.

अंगावर वळ नसतील तर फिर्याद टिकत नाही, ही समजूत याहून घातक आहे, कारण तिच्यापायी कित्येक स्त्रिया पुढच्या मारहाणीची जणू वाट पाहत राहतात. स्त्रीला आत्महत्येकडे लोटील किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचवील असे हेतुपुरस्सर वर्तन म्हणजे क्रूरता, असे कायदा स्पष्ट म्हणतो. उपाशी ठेवणे, खोलीत कोंडणे, माहेरच्यांशी बोलू न देणे, मागणीची रोजची टोचणी हे सारे तपशिलानिशी मांडता येते. १९८२ साली पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे खटल्यात पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ती पुराव्यात ग्राह्य धरली, परंतु खुनाचा आरोप निःसंशय सिद्ध न झाल्यामुळे आरोपी निर्दोष सुटला. त्या पत्रांची जागा आज मोबाइलवरील संदेशांनी घेतली आहे. ते पुसू नयेत, त्यांची एक प्रत विश्वासू माणसाकडे असावी, आणि दवाखान्यात जावे लागलेच तर इजा कशी झाली हे डॉक्टरांना खरे सांगावे. ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असे एकदा केसपेपरवर लिहिले गेले, की पुढे त्याचा खुलासा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून करावा लागतो.

याच ठिकाणी दुसऱ्या बाजूची समजूतही तपासली पाहिजे, की फिर्याद दिली रे दिली की सासरचे सारे गणगोत गजाआड जाते. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे हे खरे; पण अटक आवश्यक का आहे याची कारणे नोंदवल्यावाचून ती यांत्रिकपणे करू नये, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिला. घरातल्या सर्वांची नावे मोघमपणे गोवलेल्या फिर्यादी न्यायालयांनी अनेकदा रद्दबातल केल्या आहेत. म्हणून कोण, केव्हा, काय बोलले व काय केले, एवढेच परंतु नेमके सांगावे; दूरच्या नणंदेचे नाव रागाच्या भरात घातल्याने खरी तक्रारही दुबळी होते.

ठाण्यात पुष्कळदा असे घडते, की अंमलदार शांतपणे ऐकून घेतो, ‘घरचे भांडण आहे, समजुतीने घ्या’ म्हणतो आणि अदखलपात्र नोंदीची, म्हणजे एन. सी. ची, पावती हातावर ठेवतो. त्या कागदावर क्रमांक आणि शिक्का असल्यामुळे गुन्हा दाखल झाला असे समजून ती बापडी घरी परतते. एन. सी. वर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तपास करू शकत नाहीत. जाचहाटाचा गुन्हा दखलपात्र आहे; त्याचा प्रथम खबरी अहवाल नोंदवला जावा लागतो आणि त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत उरकावी लागते. नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवावी, तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

सासरच्या गावीच फिर्याद द्यावी लागते, हेही खरे नाही. आसऱ्यासाठी स्त्री जेथे आली असेल तेथेही, म्हणजे माहेरच्या गावीही, हा खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले; आणि आता कोणतेही ठाणे हद्दीच्या सबबीवर खबर नाकारू शकत नाही. तिच्या वतीने आई, बाप, भाऊ, बहीण यांनाही खबर देता येते.

हुंडा देणे हाही गुन्हा असल्यामुळे ‘माझ्या वडिलांनाच बेड्या पडतील’ ही भीती मुलीच्या मनात घर करते, आणि सासरची माणसे ती हिकमतीने जोपासतात. अधिनियमाचे सातवे कलम सांगते, की गुन्ह्याने पीडित झालेल्या व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावर त्या कायद्याखाली खटला भरता येणार नाही. दडपणाखाली देणाऱ्या आईबापांनाही न्यायालयांनी हे संरक्षण दिले आहे.

‘केस केली म्हणजे नांदणे संपले’ असे वडीलधारी माणसे कळवळ्याने सांगतात, आणि त्यांच्या कळवळ्याविषयी मला शंका नाही. पण जिला नांदायचे आहे आणि जाच मात्र थांबवायचा आहे, तिच्यासाठीच २००५ चा कायदा आहे. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी ज्या सामायिक घरात ती नांदली तेथे राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मानतो, आणि २०२० च्या निकालाने तो हक्क अधिक पक्का झाला. घराबाहेर काढण्यास मनाई, संरक्षणाचा हुकूम, निर्वाह खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा हे सारे एकाच अर्जात मागता येते. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो, आणि नवऱ्यास तुरुंगात धाडणे हा त्याचा उद्देशच नव्हे. साठ दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा कायद्यात असली तरी व्यवहारात विलंब होतो. यास्तव अंतरिम हुकुमाची मागणी पहिल्याच अर्जात करून ठेवावी.

स्त्रीधनाविषयी थोडक्यात सांगतो. माहेरचे वा सासरचे दागिने, भांडी, रोख आहेर तिच्याच मालकीचे. नवरा वा सासू त्यांचे केवळ विश्वस्त, असे १९८५ मध्येच ठरले आहे, आणि ते परत न करणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. सोनाराच्या पावत्या आणि लग्नातील छायाचित्रे येथे उपयोगी पडतात.

वकिलाचा खर्च कोठून आणावा, हा प्रश्न बहुतेकींना अडवतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणतीही स्त्री, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलास पात्र आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ व महिला मदतीसाठी १८१ हे क्रमांक आहेत. मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आतच टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला, आणि तेथे प्रशिक्षित समाजसेविका स्त्रीची बाजू ऐकून घेतात. मात्र समुपदेशनास बसल्याखेरीज फिर्याद घेणारच नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही.

मुदतीचा मुद्दा राहिला. क्रूरतेच्या गुन्ह्याची फिर्याद सामान्यतः तीन वर्षांच्या आत व्हावी लागते. छळ चालूच असेल तर शेवटच्या कृत्यापासून हा काळ मोजला जातो, आणि उशिराचे सयुक्तिक कारण असल्यास न्यायालय तो क्षमापित करू शकते. हुंडाप्रतिबंधक अधिनियमाखालील गुन्ह्यांना ही कालमर्यादा मुळीच लागू नाही. त्यामुळे लग्नाला बरीच वर्षे लोटली, आता कोण ऐकणार, असे म्हणून जी गप्प बसली आहे तिनेही एकदा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलास आपले कागद दाखवावेत.